१९९८ : 'ओपन सोर्स', 'न्यूरोडायव्हर्सिटी' आणि न लिहिलेले नियम

अर्धविराम (धागाकर्ता) | सोमवार, रात्री ११:४०

मला सालं जमवायचा नाद आहे. सध्या १९९८ डोक्यातून हटत नाहीये.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या बैठकीत क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला 'ओपन सोर्स' (मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणीही पाहू, बदलू, वाटू शकतो असं सॉफ्टवेअर) हा शब्द उचलला गेला. त्याच महिन्याच्या शेवटी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अँड्र्यू वेकफिल्ड आणि मंडळींचा १२ मुलांवरचा लेख छापून आला. लस आणि ऑटिझमची जी सांगड आजतागायत लोकांच्या डोक्यात बसली आहे ती तिथली. (लेख मागे घ्यायला २०१० उजाडलं.) आणि सप्टेंबरात 'द अटलांटिक'मधल्या हार्वी ब्लूम यांच्या लेखात 'न्यूरोडायव्हर्सिटी' (ऑटिझमसारखे फरक म्हणजे आजार नव्हे, मेंदूंचं वैविध्य, असं मांडणारा) हा शब्द दिसला. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ज्यूडी सिंगर यांच्या प्रबंधातही तो होता. शब्द नक्की कोणाचा यावर वाद आहे. त्याआधी दोनेक वर्षं ऑटिस्टिक लोकांच्या ईमेल गटांवर ही कल्पना सगळ्यांनी मिळून घोळवली होती, असं अलीकडे काही अभ्यासकांनी दाखवलंय. म्हणजे तीही एका अर्थी मुक्तस्रोतच.

योगायोग आहे, मान्य. पण मी या तिन्हींच्या मध्ये उभा आहे म्हणून मला तो सुटत नाही. ३९व्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं. त्याआधी नऊ वर्षं मी एका मुक्तस्रोत प्रकल्पात दस्तऐवजीकरणाचं काम करत होतो, अजून करतो. पगाराच्या नोकरीत मी कायम 'जरा विचित्र' होतो. प्रकल्पात नव्हतो. का, याचा विचार करताना लक्षात आलं की फरक माणसांत नव्हता. नियम लिहिलेले असण्या-नसण्यात होता.

उदाहरण देतो. कचेरीत एखाद्याला काम पाठवलं आणि उत्तर आलं नाही, तर किती दिवसांनी आठवण करायची? लवकर केली तर आगाऊ, उशिरा केली तर बेफिकीर. बाकीच्यांना हे कुठून कळतं देव जाणे. लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. त्याच्या दस्तऐवजात मात्र सरळ लिहिलंय की पॅच (कोडमधला सुचवलेला बदल) पाठवल्यावर निदान एक आठवडा थांबा, मग आठवण करा. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खुर्चीत मागे रेलून बसलो होतो. कोणीतरी हे लिहून ठेवलं होतं!

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच कर्नलच्या देखभालदारांच्या (आलेले बदल तपासून स्वीकारणाऱ्यांच्या) यादीतून ग्रेग क्रोआ-हार्टमन या ज्येष्ठ देखभालदारांनी सुमारे डझनभर नावं काढली, बहुतेक रशियन ईमेल पत्त्यांची. कारण काय दिलं? अनुपालनाच्या (कायदे-नियम पाळण्याच्या) विविध अटींमुळे काही नोंदी काढत आहोत, पुरेशी कागदपत्रं दिल्यास परत येता येईल. बस. कुठल्या अटी, कुठली कागदपत्रं, कोणाला द्यायची, अवाक्षर नाही. निर्णय बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवा. मला त्रास झाला तो त्या वाक्याचा. ज्या जगात एका रिकाम्या जागेसाठीसुद्धा कारण लिहावं लागतं, तिथे माणसं काढताना 'विविध' हा शब्द पुरला.

माझं म्हणणं एवढंच आहे : आमच्यासारख्यांसाठी अडथळा गोंगाट, गर्दी, दिवे यांचा असतोच, पण सगळ्यात मोठा अडथळा न लिहिलेल्या नियमांचा. मुक्तस्रोतानं तो कमी केला. राजकारण तो परत आणतंय. तुम्हाला काय वाटतं?

एकओळ | सोमवार, रात्री ११:५२

जागा पकडून ठेवतो. सकाळी इथे रणधुमाळी असणार.

तात्या_नव्हे | मंगळवार, सकाळी ७:१५

सकाळी सकाळी एवढं वाचून घेतलं. अर्धविराम, तुमचा अनुभव प्रामाणिक आहे, त्याबद्दल आदर. पण शेवटच्या ओळीला आक्षेप. राजकारण 'परत आणतंय' म्हणजे काय? ते बाहेर कधी होतं? रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला तेव्हा त्यांना तंत्रज्ञान सुधारायचं नव्हतं, वापरणाऱ्याच्या हक्काबद्दल बोलायचं होतं. 'ओपन सोर्स' हा शब्दच मुळी त्यातलं राजकारण धुऊन कंपन्यांना पचेल असं काहीतरी द्यायला काढला गेला. म्हणजे १९९८ साली राजकारण घुसलं नाही, दाराबाहेर उभं केलं गेलं. ते आता खिडकीतून आलं तर नवल कसलं?

आणि निर्बंधांचं म्हणाल तर २०१९मध्ये गिटहबनं, जिथे बहुतेक मुक्तस्रोत प्रकल्पांचा कोड ठेवलेला असतो त्या संकेतस्थळानं, इराण, सीरिया, क्रिमियातल्या लोकांची खाती आवळली होतीच. इराणसाठी परवानगी मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. तेव्हा कुठे होतात सगळे?

कळफलक | मंगळवार, सकाळी ९:०४

तात्या, एक तांत्रिक दुरुस्ती. ओपन सोर्सच्या व्याख्येतलं पाचवं कलम सांगतं की परवान्यात कुठल्याही व्यक्तीशी वा गटाशी भेदभाव नको. सहावं कलम सांगतं की कुठल्या क्षेत्रात वापरायचं यावर बंधन नको. कर्नलच्या प्रकरणात ही दोन्ही कलमं शाबूत आहेत. काढलेल्यांपैकी कोणीही कोड आजही उतरवून घेऊ शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो. परवाना कोड देतो, खुर्ची देत नाही. लोक या दोन गोष्टींची कायम गल्लत करतात.

अर्धविराम, नावं काढणाऱ्या त्या कमिटबद्दल (कोडमध्ये नोंदवलेल्या बदलाबद्दल) सहमत. काही दिवसांनी कर्नलवरच काम करणाऱ्या जेम्स बॉटमली यांनी खुलासा केला की अमेरिकी निर्बंधयादीतल्या कंपन्यांत काम करणाऱ्यांपुरता हा प्रश्न आहे, आणि ज्या पद्धतीनं हे हाताळलं गेलं त्याबद्दल माफीही मागितली. तेच चार ओळींत पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर अर्धं भांडण झालंच नसतं. वकिलांनी तोंड बंद ठेवायला सांगितलं असणार. वकिलांना कमिट मेसेज लिहायला शिकवा, माझी जुनी मागणी आहे.

बाकी तुमच्या मूळ मुद्द्यावर मात्र मी साशंक आहे. 'मुक्तस्रोत म्हणजे ऑटिस्टिक लोकांचं माहेर' हे गोड चित्र मी वीस वर्षं ऐकतोय. मेलिंग लिस्टवर लोकांनी नवख्यांची जी सालं काढलेली पाहिली आहेत, ती पाहता हे माहेर कमी आणि सासर जास्त वाटतं. लिहिलेले नियम शंभर असतील, पण 'या देखभालदाराला अमुक पद्धतीचा कोड आवडत नाही' हा एकशे एकावा नियम कुठेही लिहिलेला नसतो आणि पॅच त्याच्यावरच आपटतो.

मंदगती | मंगळवार, सकाळी ११:३१

एकशे एकाव्या नियमाला अनुमोदन!!

माझं निदान वेगळं आहे, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही. अर्धविराम यांना नियम लिहिलेले हवेत, मला ते लिहिलेले असले तरी वाचून संपत नाहीत. तिसऱ्या परिच्छेदाला मी दुसऱ्याच टॅबमध्ये असते. त्यामुळे 'न्यूरोडायव्हर्स लोकांना अमुक आवडतं' असं वाक्य दिसलं की माझं डोकं फिरतं. आमच्यातल्या दोघांच्या गरजासुद्धा एकमेकांच्या उलट असू शकतात. मला चॅटवर पटकन दोन ओळींत सांगितलं की कळतं. अर्धविरामांना चॅटनं घाम फुटत असेल.

माझा एक छोटासा प्रकल्प आहे, तारखांचं गणित करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रामांना वापरता येणारा तयार कोड). एका रात्री झपाटल्यासारखी लिहिली. पहाटेचे साडेपाच वाजले होते, पाणी प्यायचं राहिलं होतं. पहिले तीन आठवडे मी जगातली सर्वोत्तम देखभालदार होते. मग नवलाई संपली. आता १४० इश्यू (लोकांच्या तक्रारी-मागण्या) उघडे आहेत. रोज सकाळी तो आकडा बघते आणि टॅब बंद करते. लोक लिहितात, 'हा प्रकल्प मेला का?' प्रकल्प नाही मेला हो, मी मेलेय.

रच्याकने, एक्सझेडचं प्रकरण आठवतंय ना? त्याच्यावर लिहायचंच होतं मला, पण आधी चहा.

एकओळ | मंगळवार, दुपारी १२:०२

मंदगती, चहा झाला का?

मंदगती | मंगळवार, दुपारी ३:४८

झाला, आणि मध्ये कपाटही आवरून झालं :)

तर एक्सझेड. जगभरच्या सर्व्हरांवर असलेली कॉम्प्रेशनची लायब्ररी, आणि बरीच वर्षं सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा, तोही फुकट. २०२२मध्ये त्यांनी मेलिंग लिस्टवर उघडपणे लिहिलं की मानसिक आरोग्याच्या दीर्घकाळच्या तक्रारींमुळे माझ्याकडून काम कमी होतंय, आणि हा छंद म्हणून चालवलेला बिनपगारी प्रकल्प आहे हेही लक्षात असू द्या. त्यावर कुठून कुठून उगवलेल्या नावांनी तगादा लावला : प्रगती नाही, दुसरा देखभालदार नेमा. आणि एक गुणी, नम्र, कामसू सहकारी 'जिया टॅन' नावानं तिथे हजरच होता. दोनेक वर्षं त्यानं इमानानं काम केलं, विश्वास मिळवला आणि २०२४च्या सुरुवातीला ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. कोण होता, कोणासाठी करत होता, आजही उघड झालेलं नाही. पण एवढी चिकाटी हौशी चोराची नसते, असं बऱ्याच जाणकारांना वाटतं.

पकडला कोणी? पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांनी. एसएसएचनं (दूरच्या यंत्रात सुरक्षितपणे शिरायच्या सोयीनं) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे त्यांना खुपलं. २९ मार्च २०२४ला त्यांनी सगळं जाहीर केलं.

मी ही गोष्ट दोन्ही टोकांनी वाचते. एका टोकाला थकलेला माणूस, 'मला जमत नाहीये' असं सांगितल्याबरोबर त्याच कबुलीचं हत्यार झालेलं. दुसऱ्या टोकाला अर्ध्या सेकंदावर अडून बसणारा माणूस. त्या चिकाटीला एरवी आपण काय म्हणतो? 'अरे सोड ना.'

कळफलक | मंगळवार, सायंकाळी ५:२०

छान लिहिलंत. फक्त फ्रॉइंड यांना कुठलं लेबल लावू नका. ते व्यवसायानं कामगिरीची मोजमापं घेणारे अभियंते आहेत, अर्धा सेकंद दिसणं हे त्यांचं काम आहे.

मंदगती | मंगळवार, सायंकाळी ५:२४

लेबल लावलं नाहीये. दुसऱ्यांदा वाचा.

कळफलक | मंगळवार, सायंकाळी ५:४०

वाचलं. माफी. माझा राग खरं तर इतर ठिकाणी जे चालतं त्याच्यावर आहे. कुठला नामवंत प्रोग्रामर उद्धट वागला की लगेच, 'तो स्पेक्ट्रमवर (म्हणजे ऑटिस्टिक) असणार.' यात दोघांचं नुकसान. उद्धटाला आयती ढाल मिळते आणि ऑटिस्टिक माणसाला आयता शिक्का. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८मध्ये स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून सुट्टी घेतली, तेव्हा त्यांनी कुठल्या निदानाची सबब दिली नाही. लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेईन, एवढं म्हणाले आणि काही आठवड्यांत परत आले. मला ते फार आवडलं होतं.

शब्दखोर | मंगळवार, रात्री ८:१०

थोडं अवांतर, पण अगदीच नाही. धाग्यात सगळे 'ऑटिझम' लिहितायत, 'स्वमग्नता' कोणीच नाही. मुद्दाम का?

अर्धविराम | मंगळवार, रात्री ९:०५

मुद्दाम. 'स्वमग्न' म्हणजे स्वतःत बुडालेला. मी स्वतःत बुडालेला नसतो हो, बहुतेक वेळा बाहेरचंच इतकं आत येत असतं की गाळता येत नाही. शब्दानं निदानाआधीच निकाल दिलेला आहे. आता हा दोष मराठीचा नाही. मूळ शब्द ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्किझोफ्रेनियाचं एक लक्षण सांगताना बनवला, तोही 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. आपण इमानेइतबारे भाषांतर केलं आणि चूकही बरोबर घेऊन आलो.

शब्दखोर | मंगळवार, रात्री ९:३०

पटलं. मग 'मुक्तस्रोत'बद्दल उलटं म्हणायला हवं. इंग्रजीत 'फ्री' म्हटलं की फुकट की स्वतंत्र, हा घोळ दर वेळी निस्तरावा लागतो. आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' यांची कधी गाठच पडत नाही. गंमत अशी की स्टॉलमन यांचं 'मुक्त' आणि १९९८वाल्यांचं 'खुलं' यांच्यातलं सगळं भांडण मराठीनं एका 'मुक्तस्रोत' शब्दात मिटवून टाकलंय. दोघांनाही आवडणार नाही.

दुपारचीसावली | बुधवार, दुपारी २:१५

दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं.

माझा मुलगा १४ वर्षांचा आहे. ऑटिस्टिक आहे. बोलत नाही. अर्धविराम, तुम्ही 'आमच्यासारख्यांसाठी' असं लिहिलंत. त्या 'आमच्या'त माझा मुलगा येतो का हो? भांडायला विचारत नाहीये. न्यूरोडायव्हर्सिटीवर जे लिहिलं जातं ते बहुतेक बोलता-लिहिता येणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. त्यांच्या लिखाणात अडथळा म्हणजे कचेरीतले अलिखित नियम. आमच्या घरी अडथळा म्हणजे दात दुखतोय की पोट हे त्याला सांगता न येणं. गेल्या वर्षी तीन दिवस तो डोकं भिंतीवर आपटत होता, शेवटी निघाला कान. 'हा आजार नाही, वैविध्य आहे' असं कोणी म्हटलं की मला त्या तीन रात्री आठवतात.

आणि तरीही. गेल्या वर्षी, एप्रिल २०२५मध्ये, अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी, त्या केनेडींनी, पत्रकार परिषदेत सांगितलं की ही मुलं कधी कर भरणार नाहीत, नोकरी करणार नाहीत, कविता लिहिणार नाहीत. ते ऐकलं तेव्हाही मला तितकाच राग आला. माझा मुलगा बहुधा कर भरणार नाही. पण त्याच्या जगण्याचा हिशोब तिथून सुरू करायचा अधिकार यांना कोणी दिला? मग सप्टेंबरात पॅरासिटामॉल आलं : गरोदरपणी ते घेण्याचा ऑटिझमशी संबंध असल्याचं अमेरिकी सरकारनं जाहीर केलं. गरोदरपणी ताप आला म्हणून गोळी घेतली होती का, असं मला १४ वर्षांनी लोक विचारायला लागले. घेतली होती. स्वीडनमध्ये २४ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झालाय, २०२४मध्ये छापून आला, भावंडांची तुलना केल्यावर संबंध दिसला नाही. हे मला पाठ आहे. पाठ असून रात्री झोप येते असं नाही.

म्हणजे एका बाजूला त्याचं दुःख नाकारणारे आणि दुसऱ्या बाजूला त्याला निव्वळ दुःख समजणारे. माझी खुर्ची कुठे?

तात्या_नव्हे | बुधवार, दुपारी २:५०

ताई, काल मी तावातावानं जे लिहिलं त्याच्यापुढे हे वाचून गप्प बसावंसं वाटतंय.

अर्धविराम | बुधवार, रात्री १०:३०

दुपारचीसावली, उत्तर द्यायला दिवस लागला, कारण पहिलं उत्तर जे सुचलं ते पाठ केलेलं होतं. ते पुसलं.

'आमच्या' हा शब्द मी सैलपणे वापरला. तुमचा मुलगा त्यात यायला हवा, पण त्याच्या वतीनं मी बोलतोय असं त्यातून वाटलं असेल तर ते चुकलं. मी जे मांडलं ते माझ्यापुरतं. कानदुखी कानदुखीच आहे, तिला वैविध्य म्हणायची कोणाची टाप नाही. एवढं मात्र जोडतो की १९९३ साली ऑटिस्टिक कार्यकर्ते जिम सिंक्लेअर यांनी आईबापांपुढे 'आमच्यासाठी शोक करू नका' अशी मांडणी केली, ती त्रास नाहीच असं म्हणणारी नव्हती. आणि सिंक्लेअर स्वतः बाराव्या वर्षापर्यंत बोलत नव्हते, असं त्यांनी लिहिलंय.

आणखी एक विचारतो, आवडलं नाही तर सोडून द्या. तो संवादासाठी काही वापरतो का?

दुपारचीसावली | बुधवार, रात्री ११:१२

वापरतो. टॅबलेटवर चित्रांचा फलक. आधी एक विकतचं अॅप होतं. तीन वर्षं वापरलं, ७०० चित्रं लावून झाली होती. मग ते बनवणाऱ्यांनी जुन्या टॅबलेटवर चालणं बंद केलं, आणि आमचे फलक बाहेर काढायची सोयच नव्हती. विचार करा, एका सकाळी कोणीतरी तुमचं व्याकरण काढून घेतलं तर? त्यानं महिनाभर टॅबलेटला हात लावला नाही.

आता सीबोर्ड नावाचं मुक्तस्रोत अॅप वापरतो. चित्रं अरासाकची, स्पेनमधल्या आरागॉन प्रांताच्या सरकारनं केलेली. आवाज ईस्पीक-एनजी या मजकूर वाचून दाखवणाऱ्या मुक्तस्रोत प्रोग्रामचा, त्यात मराठी आहे पण रोबोसारखी. मुलगा त्या आवाजाला हसतो, म्हणून बदलला नाही.

कळफलक | बुधवार, रात्री ११:३०

हे मी या धाग्यात वाचलेलं मुक्तस्रोताच्या बाजूचं सगळ्यात सरळ उदाहरण आहे. आम्ही 'व्हेंडर लॉक-इन' म्हणतो आणि परिषदांत त्यावर स्लाइडी दाखवतो. 'व्याकरण काढून घेतलं' हे कोणी म्हटलं नव्हतं.

(खोडी काढल्याशिवाय राहवत नाही : अरासाकच्या चित्रांवर व्यापारी वापराला मनाई आहे, म्हणजे सहाव्या कलमानुसार ती 'ओपन' नाहीत. तुमच्या मुलाला याचा काडीचा फरक पडत नाही, हेही मान्य.)

असंच दुसरं उदाहरण एनव्हीडीए हा स्क्रीनरीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम). २००६ साली मायकेल करन यांनी सुरू केला, लवकरच जेम्स टेह जोडले गेले, आणि दोघेही अंध. ज्याला हवं त्यानंच केलं.

मंदगती | गुरुवार, सकाळी १०:०५

पण बोलता न येणाऱ्या मुलाला 'स्वतःच कर' कसं सांगणार? करन-टेह प्रोग्रामर होते. मुक्तस्रोताचं हे पालुपद मला नेहमी खटकतं : 'नाही आवडत तर फोर्क कर', म्हणजे कोडची प्रत घेऊन स्वतःची वेगळी आवृत्ती चालव. ज्याच्याकडे वेळ, वीज, कौशल्य आणि डोक्यात जागा आहे तो करेल. बाकीच्यांना हे वाक्य म्हणजे सभ्य भाषेतला नकार.

कळफलक | गुरुवार, सकाळी १०:४०

खरंय.

जाता जाता संशोधनाबद्दलही एक, कारण कोणीतरी ते आणणारच. २०२०मध्ये क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांचा 'कानगोष्टीं'सारखा प्रयोग गाजला. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत गोष्ट जितकी नीट पोचली तितकीच इतरांच्या साखळीत, पण मिश्र साखळीत गळती जास्त. म्हणजे दोष एका बाजूचा नाही, दोघांमधल्या दरीचा, ऑटिझमचे अभ्यासक डेमियन मिल्टन २०१२पासून हेच सांगत होते. पण त्याच संशोधकांनी २०२५मध्ये तो प्रयोग ३०० हून जास्त लोकांवर पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही. पहिला निकाल सगळ्यांनी शेअर केला, दुसरा फारसा कोणी नाही.

अर्धविराम | गुरुवार, दुपारी १:२०

पहिला मीही शेअर केला होता. दुसरा माहीत नव्हता, वाचतो. खरं तर वाईट बातमी नाहीये. मिश्र साखळीतही गोष्ट पोचते, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

राजकारणाकडे परत येतो. नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या सीडीसीनं, तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं, आपल्या संकेतस्थळावरचं लस आणि ऑटिझमचं पान बदललं. 'लशींमुळे ऑटिझम होत नाही' हे विधान पुराव्यावर आधारलेलं नाही, असं तिथे लिहिलं. १९९८ असं परत येतं. ते पान गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत) असतं तर निदान दिसलं असतं की कोणती ओळ कोणी बदलली, आधी काय होतं, कोणी तपासलं. हा माझा हट्ट तुम्हाला बालिश वाटेल.

तात्या_नव्हे | गुरुवार, दुपारी २:०५

बालिश नाही, पण अर्धवट. कर्नल गिटमध्येच होता की! नाव होतं, तारीख होती, बदललेली प्रत्येक ओळ होती. कारणाच्या जागी 'विविध' होतं. पारदर्शक काचेमागे पडदा लावला तर काच काय करणार?

आणि तुम्ही लिखित नियमांवर एवढी भिस्त ठेवता म्हणून सांगतो, नियम लिहिणाऱ्याच्या हातातही सत्ता असते. २०२२च्या मार्चमध्ये 'नोड-आयपीसी' या मुक्तस्रोत लायब्ररीच्या कर्त्यानं रशिया आणि बेलारूसच्या आयपीवरून चालणाऱ्या यंत्रांतल्या फायली पुसून बदामाची चिन्हं भरणारा कोड टाकला होता. हेतू युद्धविरोधी. कोड उघडा, सगळ्यांसमोर. म्हणून ते बरं झालं का?

अर्धविराम | गुरुवार, रात्री ९:४५

नाही झालं. तात्या, काच-पडदा मान्य. फक्त काच होती म्हणून पडदा लावलेला दिसला, आणि दिसला म्हणून माफी मागावी लागली. भिंत असती तर आपल्याला इथे बोलायलाच काही नव्हतं. माझी मागणी लहान आहे हो. निर्णय तुमचे तुम्ही घ्या, 'विविध' लिहू नका.

कळफलकांच्या एकशे एकाव्या नियमानं मात्र मला तीन दिवस छळलं. आमच्याच प्रकल्पात जाऊन पाहिलं. एका नवख्याचं भाषांतर ११ महिने पडून होतं. कारण : आमच्याकडे आठवण केल्याशिवाय कोणी बघत नाही, हे सगळ्यांना 'माहीत आहे', लिहिलेलं कुठेच नाही. दस्तऐवजीकरण कोणाकडे? माझ्याकडे. नऊ वर्षं.

तर खाली मसुदा देतो, सुचवा :

"तुमचं योगदान आल्यावर आम्ही ते शक्य तितक्या लवकर पाहू. उत्तर न आल्यास योग्य वेळी आठवण करावी. नाकारल्यास कारण लिहून दिलं जाईल."

दुपारचीसावली | गुरुवार, रात्री १०:०८

'शक्य तितक्या लवकर' म्हणजे किती? 'योग्य वेळी' म्हणजे कधी? माझ्या मुलाच्या फलकावर 'नंतर' असं चित्र होतं. ते काढून टाकावं लागलं, कारण 'नंतर' दाबलं की तो दाराशी जाऊन उभाच राहायचा. आता घड्याळाचं चित्र लावतो.

अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:१५

लाज वाटली. हे मी लिहिलं?

"तुमचं योगदान आल्यापासून १४ दिवसांत आम्ही उत्तर देऊ. न दिल्यास १५व्या दिवशी त्याच जागी 'आठवण' असा एक शब्द लिहा. तो उद्धटपणा समजला जाणार नाही. नाकारल्यास कोणत्या ओळीसाठी आणि का, हे लिहून दिलं जाईल."

मंदगती | गुरुवार, रात्री १०:१७

चार वाक्यं, शेवटपर्यंत वाचली. विक्रम. माझ्या प्रकल्पात चोरून नेऊ का? फक्त १४चे ६० करीन.

कळफलक | गुरुवार, रात्री १०:२१

६० तर ६०, आकडा लिहिलाय ना.

एकओळ | गुरुवार, रात्री १०:२६

आणि 'आठवण' लिहूनही उत्तर नाही आलं तर?

अर्धविराम | गुरुवार, रात्री १०:४०

बरोबर. पाचवं वाक्य लिहितो.